मान्यता : मेम्फिसच्या कचरेवाल्यांचा संप आणि आपण

‘मान्यता’ हा कचेरीतला शब्द. टेबलावरच्या रबरी शिक्क्यासारखा कोरडा. युनियनच्या मागण्यांचं पत्रक हातात आलं की बहुतेक वेळा तो पहिल्याच ओळीत असतो आणि आपण त्याला ओलांडून खाली जातो. पगारवाढ किती? बोनस किती टक्के? महागाई भत्ता किती? पोटाला लागतं ते माणूस आधी वाचणारच, त्याला कोण काय म्हणणार! पण रात्रपाळी करून, दिवसाची झोप मोडून मी जे काही वाचलं त्यातनं माझं एक मत पक्कं झालंय. सरकार पगारवाढीला कुरकुरतं, पण भितं ते मान्यतेला. पगार वाढवला तर तिजोरीतले चार पैसे जातात. मान्यता दिली तर काल दाराशी उभा असलेला माणूस आज टेबलापलीकडं खुर्चीवर बसतो आणि म्हणतो, बोला. ज्यांनी आपल्याला हजारो वर्षं ओट्यावर बसू दिलं नाही, त्यांना ह्या खुर्चीचं भय किती, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून मी आज एका परक्या देशातली लढाई सांगणार आहे. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या कचरा उचलणाऱ्यांचा १९६८ चा संप. त्या संपाच्या वेळी मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला, एवढं पुष्कळांना ठाऊक असतं. पण किंग तिथं कशाला गेला होता, भांडण कशावरनं होतं, असं विचारलं की उत्तर येतं, काळ्या-गोऱ्यांचं काहीतरी. तर मित्रांनो, भांडण होतं म्युनिसिपालिटीनं युनियनला मान्यता द्यायची की नाही ह्यावर.

१

मेम्फिस हे टेनेसी राज्यातलं मिसिसिपी नदीच्या काठचं शहर. कापसाची मोठी पेठ. मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे, त्यामुळं कापूस म्हटलं की माझे कान उभे राहतात. ज्या कापसावर हे शहर वाढलं तो काळ्या गुलामांनी वेचलेला. गुलामगिरी १८६५ साली कायद्यानं गेली. गुलामांची नातवंडं, पतवंडं शेतातनं शहरात आली तेव्हा त्यांच्यासाठी एक काम तयार होतं. गोऱ्यांचा कचरा उचलणं. कायदा जातो, काम राहतं. आपल्याकडं महारकी, भंगीकाम ह्यांचं असंच झालं.

१९६८ साली मेम्फिसच्या सफाई खात्यात कचरा उचलणारे सुमारे १३०० कामगार होते. जवळजवळ सगळे काळे. वरचे सुपरवायझर गोरे. घरामागच्या अंगणात जायचं, तिथला कचरा मोठ्या टबात भरायचा आणि टब डोक्यावर नाहीतर खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत आणायचा. टब जुने, तळाला भोकं पडलेली. घाण पाणी मानेवरनं अंगात उतरायचं, अळ्या कपड्यांत शिरायच्या. बायका नवऱ्याला कपडे दाराबाहेर काढायला लावायच्या. ताशी मजुरी बहुतेकांची दोन डॉलरच्या आत. आठवडाभर पुरं काम करूनही कितीतरी घरं सरकारी मदतीवर जगायची. पाऊस आला की काळ्यांना घरी पाठवायचं, मजुरी बुडायची. गोरे सुपरवायझर कचेरीत बसून पुरा पगार घ्यायचे. आणि साठ वर्षांच्या कामगारालाही हाक मारायची ती ‘बॉय’. म्हंजे पोरा. आपल्या गावात म्हाताऱ्या महाराला पाटलाचं शेंबडं पोर ‘अरे’ म्हणायचं, ते आठवा. भाषा दोन, हाक एकच.

१ फेब्रुवारी १९६८. जोराचा पाऊस. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार आडोशाला कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात शिरले. पावसात गोऱ्या वस्तीत कुणाच्या ओसरीत उभं राहायची त्यांना सोय नव्हती. गाडीत कचरा दाबणारं यंत्र होतं. ते अचानक सुरू झालं. दोघंही कचऱ्यासारखे चिरडले गेले. ह्या जुन्या गाड्या धोक्याच्या आहेत, काढून टाका, असं कामगारांनी आधीच सांगितलेलं होतं. ऐकलं कोणी?

ह्या दोघांना कामगार नुकसानभरपाईचा कायदा लागू नव्हता, कारण शहराच्या कागदावर ते रोजंदारीवाले. शहरानं घरच्यांना एक महिन्याचा पगार आणि मातीसाठी ५०० डॉलर दिले. झालं.

हे वाचताना मला आपली गटारं दिसत होती. मैला साफ करायला माणूस लावायचा नाही असा कायदा १९९३ साली झाला, मग २०१३ साली आणखी कडक झाला. २७ मार्च २०१४ ला सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हणून सांगितलं. २०२३ साली तो आकडा तीस लाख केला. आकडा वाढला. माणसं उतरायची थांबली नाहीत. मेल्यावर पहिला प्रश्न निघतो तो हाच : हा आमचा कामगार नाही, ठेकेदाराचा आहे. मेम्फिसमध्ये तो रोजंदारीवाला होता, इथं ठेक्यावरचा. मेलेल्या माणसाला आधी आपला नाही म्हणायचं, ही रीत दोन्हीकडची.

२

त्या दोघांच्या मरणानं संप पेटला. पण पेटायला सरपण पाच वर्षं रचलं जात होतं.

टी. ओ. जोन्स म्हणून एक कचरा कामगार होता. त्यानं १९६३ साली युनियन बांधायला घेतली. शहरानं त्याच्यासकट ३३ जणांना कामावरनं काढलं. तो गप्प बसला नाही. पुढं अमेरिकेतल्या राज्य आणि म्युनिसिपल नोकरांच्या मोठ्या युनियनची शाखा त्यानं मेम्फिसमध्ये आणली. त्या मोठ्या युनियनला आद्याक्षरांवरनं ‘ॲफ्स्मी’ म्हणतात. शाखेचा नंबर घेतला १७३३. त्यातले शेवटचे ३३ म्हंजे काढून टाकलेली ती ३३ माणसं. १९६६ साली संपाची तयारी झाली, तर शहरानं कोर्टातनं मनाई आणली.

१२ फेब्रुवारी १९६८ ला मात्र कोर्ट, कायदा कशाची वाट न बघता तेराशे माणसं कामावर गेली नाहीत.

मेयर होता हेन्री लोब. त्याच वर्षी १ जानेवारीला खुर्चीवर बसलेला. हा पूर्वी ह्याच सफाईच्या खात्याचा कमिशनर होता. त्याचं म्हणणं, सरकारी नोकराला संपाचा हक्क नाही. संप बेकायदा आहे. आधी कामावर या, मग बघू. माझा दरवाजा उघडा आहे, ज्याचं गाऱ्हाणं असेल त्यानं एकट्यानं यावं. एकट्यानं! मित्रांनो, सगळी मेख ह्या एका शब्दात आहे. एकटा कामगार गेला तर तो विनंती करतो. सगळे मिळून गेले तर बोलणी होतात. लोबला विनंत्या ऐकायला आवडायचं. बोलणी नको होती.

कामगारांच्या मुख्य मागण्या दोन. एक, युनियनला मान्यता. दुसरी, युनियनची वर्गणी पगारातनं कापून युनियनकडं द्यावी. मजुरी, पावसातले तास, सुरक्षित गाड्या, बढती हे त्यानंतर. ही दुसरी मागणी वाचून तुम्हाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीसाठी रक्त सांडायचं? पण विचार करा. वर्गणी हातोहात गोळा करायची तर पगाराच्या दिवशी गेटवर वही घेऊन कुणीतरी उभं राहावं लागतं. कोण पैसे देतो हे मुकादम बघत असतो. दुसऱ्या दिवशी त्याची पाळी बदलते, नाहीतर त्याला वाईट काम लागतं. घरात पैशाची ओढ असते, म्हणून दोन महिने वर्गणी राहते. सहा महिन्यांत युनियन कागदावर उरते. लोबला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो पगाराच्या सेंटांवर थोडा हलायचा, वर्गणीच्या गोष्टीवर दगड. ह्या वर्गणीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं ती परत येणार आहे.

२३ फेब्रुवारीला कामगारांचा मोर्चा निघाला. पोलिसांनी डोळ्यांत झोंबणारी औषधं फवारली. कामगार, पाद्री, बाया, कोण समोर आला ते न बघता. शहरातले काळे पाद्री तोवर बाजूला होते. त्या दिवशी त्यांच्याही डोळ्यांत गेलं आणि ते संपात आले. मग रोज मोर्चा, रोज सभा, चर्चमधनं संपवाल्यांसाठी अन्न आणि पैसा, आणि गोऱ्यांच्या मोठ्या दुकानांवर बहिष्कार.

आणि मग पाट्या आल्या. शेकडो माणसं रांगेत, प्रत्येकाच्या हातात तीच पाटी, त्यावर मोजके शब्द : मी माणूस आहे. पगाराचा आकडा नाही, मेयरचं नाव नाही, शिवी नाही. ज्याला आयुष्यभर ‘पोरा’ म्हटलं, तो म्हणतोय मी पुरुष आहे, माणूस आहे. कचेरीतल्या मान्यता शब्दाचं ह्याहून नेमकं भाषांतर मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते तहानेसाठी नव्हतं. ते पाणी प्यायलो नाही म्हणून कोणी मरणार नव्हतं. आम्हीही इतरांसारखी माणसं आहोत हे सिद्ध करायचं होतं. महाडचं तळं आणि मेम्फिसची पाटी ह्यांत एक्केचाळीस वर्षांचं अंतर आहे. म्हणणं एक आहे.

३

मेम्फिसच्या पाद्र्यांचा पुढारी होता जेम्स लॉसन. ह्या माणसाचं आपल्या नागपूरशी नातं आहे. १९५० च्या दशकात तो काही वर्षं नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होता. गांधींचा सत्याग्रह त्यानं इथं राहून अभ्यासला आणि अमेरिकेत परत जाऊन काळ्या पोरांना शिकवला. त्याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो माणसांना घेऊन धम्मदीक्षा घेतली. जगात गेला तो गांधींचा रस्ता. आपला रस्ता आपल्यालाच जगाला सांगावा लागणार आहे.

लॉसननं किंगला बोलावलं. १८ मार्चला हजारोंच्या सभेत किंग बोलला. कचरा उचलणारा डॉक्टरइतकाच मोलाचा आहे, कारण त्यानं काम थांबवलं तर रोगराई पसरेल, असं तो म्हणाला. आणि एक दिवस सगळ्या शहराचं काम बंद पाडा, असंही. २८ मार्चला मोर्चा निघाला, त्यात काचा फुटल्या. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. लॅरी पेन नावाचा सोळा वर्षांचा काळा पोरगा पोलिसाच्या गोळीनं मेला. शहरात लष्करासारखी सशस्त्र दलं उतरली. ३ एप्रिलच्या रात्री किंग वादळी पावसात परत बोलला. ४ एप्रिलला संध्याकाळी लॉरेन मोटेलच्या सज्जात त्याला गोळी घातली गेली.

८ एप्रिलला त्याची बायको कोरेटा किंग हजारो माणसांच्या पुढं चालली. मूक मोर्चा. वॉशिंग्टनहून राष्ट्राध्यक्ष जॉन्सननं मजूर खात्याचा मोठा अधिकारी पाठवला. १६ एप्रिलला करार झाला. संपाला पासष्ट दिवस झाले होते.

करारात काय मिळालं? युनियनला मान्यता. वर्गणी कापण्याची सोय. गाऱ्हाणी ऐकायची ठरलेली पद्धत. बढतीत रंगभेद नाही. आणि ताशी पगारवाढ दहा सेंट, पुढं आणखी पाच. ह्या पगारवाढीचे पैसे शहराकडं नाहीत असं शहर म्हणत होतं, तर एका स्थानिक उद्योगपतीनं गुपचूप खिशातनं दिले. म्हंजे बघा, पैशाचा प्रश्न एका श्रीमंताच्या चेकनं सुटत होता. तीन माणसं यंत्रात आणि गोळीनं मेली, त्यावर किंग मेला, ते पैशासाठी नव्हतं. ते समोरच्याला माणूस म्हणायचं नाही ह्या हट्टासाठी होतं.

आता ह्याच्याशेजारी आपल्याकडचं एक पान ठेवतो. गांधींनी १९४६ साली ‘हरिजन’मध्ये सफाई कामगारांच्या संपाबद्दल लिहिलं. त्यांच्या हालांबद्दल त्यांना कळवळा होता, शहरांनी त्यांना नीट वागवलं नाही हेही ते मानत होते. पण काही बाबतींत संप गैर असतो आणि सफाई कामगारांचं गाऱ्हाणं त्यातलं आहे, असं त्यांचं मत होतं. गांधींना गुरू मानणारा किंग सफाई कामगारांच्या संपात जीव देतो, आणि गुरू म्हणतो सफाई कामगारानं संप करू नये. किंग तिथं गांधींचा शिष्य राहिला नाही, पुढं गेला. माझ्या वाचण्यात तो नकळत बाबासाहेबांच्या बाजूला येऊन उभा राहिला.

४

कारण बाबासाहेबांचं म्हणणं उलटं होतं. इंग्रजांच्या काळातल्या म्युनिसिपालिट्यांच्या कायद्यांत सफाई कामगारानं नोटीस न देता काम सोडणं हा गुन्हा होता. त्यासाठी शिक्षा होती. कारकुनानं काम सोडलं तर नोकरी जाते, झाडूवाल्यानं सोडलं तर तुरुंग. ह्यावर बाबासाहेबांनी लिहिलेलं आहे. १९३८ साली मुंबईच्या काँग्रेस सरकारनं औद्योगिक तंट्यांचं बिल आणलं आणि काही संप गुन्हा ठरवले. बाबासाहेब असेंब्लीत उभे राहिले. त्यांचा मुद्दा सरळ होता : माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध राबवणं म्हणजे गुलामगिरी. काम नाकारायचा हक्क काढला की स्वातंत्र्य काढलं. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत संप केला. गिरण्या बंद, लाल झेंडा आणि आपला झेंडा एका मैदानात.

पुढं १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खात्याचे मंत्री. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरनं ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ ची, हे आपण भाषणात सांगतो. पण त्यांच्या खात्यानं १९४३ साली आणि परत १९४६ साली आणखी एक बिल आणलं होतं, त्याबद्दल आपल्यात कोणी बोलत नाही. मालकानं युनियनला मान्यता द्यायलाच पाहिजे, न दिली तर तो दंडाला पात्र, असं ते बिल. १९४७ साली त्याचा कायदा झाला. सही झाली, छापला गेला. लागू करायची तारीख मात्र कधी उजाडलीच नाही. तारीख नसलेला कायदा. १९२३ साली बोल्यांच्या ठरावानं पाणवठे खुले झाले, महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला, आणि १९२७ पर्यंत एकाही अस्पृश्याला तिथं पाणी मिळालं नव्हतं. ठराव खुला, तळं बंद. मान्यतेच्या कायद्याचं तसंच झालं, फक्त ह्या कायद्यासाठी कोणी महाडला चालत गेलं नाही.

त्याचे भोग पुढच्यांनी भोगले. ३१ जुलै १९५७ ला दिल्लीत सफाई कामगारांचा संप चालू असताना पोलिसांनी त्यांच्या वस्तीत गोळी चालवली. भूपसिंग मेला. मेम्फिसच्या लॅरी पेनआधी अकरा वर्षं.

आणि १८ जानेवारी १९८२. मुंबईचा गिरणी संप. माझा आजा त्यात होता, रिंग खात्यातच. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार गेले. बोनस, पगार हे होतंच. पण मुळात काय होतं? १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं गिरणी धंद्यात बोलणी करायचा हक्क एकाच मान्य युनियनला. कामगार त्या युनियनमध्ये उरला नव्हता, तरी कागदावर त्याच्या नावानं तीच बोलणार. कामगार म्हणाला, माझा पुढारी मी निवडणार, तो कायदा मोडीत काढा. सरकार हललं नाही. मालकांना गिरण्यांपेक्षा खालची जमीन प्यारी झाली होती. संप कोणी मागं घेतला नाही. गिरण्याच उठल्या. आजा गावी आला तो परत गेला नाही.

युनियनची आरती ओवाळायला मी हे लिहीत नाही. गिरण्यांत साचा खात्यात अस्पृश्याला शिरकाव नव्हता. कांडीचा दोरा तोंडानं ओढावा लागायचा, विटाळ व्हायचा. विणकराला पगार जास्त, म्हणून आपला माणूस कमी पगाराच्या खात्यात. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला तेव्हा कुठं तो मागण्यांत आला. संपात खांद्याला खांदा, आणि पाण्याचं पिंप वेगळं. म्हंजे मालकाकडून मान्यता मागणाऱ्या युनियनकडूनच आपल्याला आधी मान्यता मागावी लागली. मेम्फिसच्या युनियनचं बळ हे होतं की तिथं ज्याच्या डोक्यावर टब होता त्यानंच ती बांधली.

५

आता ते हक्क परत कसे काढले जातात ते बघू. गोळी महाग पडते, किंगच्या मरणानं सरकारं शहाणी झाली. आता काम करणाऱ्याचं नाव बदलतात.

मुंबई महानगरपालिकेचा कचरा उचलणारे हजारो कामगार ठेकेदारांच्या नावावर होते. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा लागायला तेव्हा किमान वीस माणसं लागायची, म्हणून एकेका ठेक्यात वीसच्या आत माणसं दाखवायची. कुठं तर संस्थांमार्फत माणसं घेऊन त्यांना ‘स्वयंसेवक’ म्हणायचं. पगार नाही, ‘मानधन’. पहाटे उठून शहराचा उकिरडा उपसणारा माणूस स्वयंसेवक! कचरा वाहतूक श्रमिक संघानं १९९७ पासून ही लढाई लढली. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणानं हे ठेके नुसता देखावा असल्याचं ठरवून २७०० कामगारांना कायम करायला सांगितलं. महानगरपालिका वर गेली. ७ एप्रिल २०१७ ला सुप्रीम कोर्टातही कामगार जिंकले. वीस वर्षं लागली. मेम्फिसला पासष्ट दिवस.

अंगणवाडीच्या बाया बघा, आशा बघा. काम सरकारचं, रजिस्टर सरकारचं, साहेबाची दमदाटी सरकारची, आणि त्या म्हणे ‘मानसेवी’. मान आणि धन हे दोन शब्द जोडून असा शब्द केलाय की त्यात मानही नाही, धनही नाही. २०२२ साली सुप्रीम कोर्टानं अंगणवाडीच्या बायांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे म्हणून सांगितलं तेव्हा कुठं एका बाबतीत त्या कामगार ठरल्या.

माझ्या गिरणीत दोन रंगांचे गेटपास आहेत. एकाच फ्रेमवर दोन पोरं, एक गिरणीचा, एक ठेकेदाराचा. ठेकेदाराच्या पोराचं नाव गिरणीच्या मस्टरवर नाही, म्हणून युनियनच्या वहीतही नाही. त्याच्या बोटाला लागलं तर तो आपल्यातला आहे की नाही ह्यावर आमचीच माणसं वाद घालतात.

आणि आपल्यासाठी ह्यात दुहेरी घाव आहे. सरकारी नोकरी हाच आपल्या दोन पिढ्यांचा शाळेचा, घराचा, चष्म्याचा, पुस्तकाचा आधार. ती नोकरी राखीव जागांतनं आली. ठेक्यात राखीव जागा कुठल्या? जागा कायम असेल तर बिंदुनामावली लागते. जागाच ठेकेदाराला दिली की घटनेला हात न लावता आरक्षण संपतं आणि त्याच फटक्यात युनियनही संपते. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं खाजगी एजन्स्यांमार्फत भरतीचा निर्णय काढला. पोरं रस्त्यावर आली आणि ऑक्टोबरात तो रद्द करावा लागला. पण कागद रद्द झाला, पद्धत नाही. एकेका कचेरीत जाऊन शिपाई, सफाईवाला, पहारेकरी ह्यांना विचारा, तुमचा पगार कोण देतो.

अमेरिकेतही तेच वारं. मेम्फिसच्या कामगारांची ॲफ्स्मी ही युनियन १९३२ साली विस्कॉन्सिन राज्यात जन्मली. सरकारी नोकरांना बोलणीचा हक्क देणारा राज्याचा पहिला कायदा १९५९ साली तिथंच झाला. आणि २०११ साली तिथंच गव्हर्नर स्कॉट वॉकरनं बजेटमध्ये पैसा नाही असं सांगून तो हक्क कापला. मूळ पगाराखेरीज कशावर बोलणी नाहीत. पगारवाढही महागाईच्या आकड्यापुढं नाही. दर वर्षी युनियननं परत मतदान घेऊन मान्यता मिळवायची. आणि पगारातनं वर्गणी कापणं बंद! बजेटमध्ये पैसा नाही, तर वर्गणी कापण्यानं सरकारचा किती पैसा जातो? लोब मेयरचा हट्ट त्रेचाळीस वर्षांनी कायदा होऊन आला. २०१८ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ॲफ्स्मीविरुद्धच्याच खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की युनियननं मिळवलेल्या कराराचा फायदा घेणाऱ्या सरकारी नोकराकडनं सक्तीनं पैसे घेता येणार नाहीत. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्पनं केंद्र सरकारच्या बऱ्याच खात्यांत बोलणीचा हक्कच काढायचा हुकूम काढला. नोकरकपात आणि हा हुकूम एकाच वर्षातले. आधी तोंड बांधायचं, मग पोटावर पाय.

मेम्फिसचं जिंकणंही पुरं नव्हतं. संपानंतर तिथल्या कामगारांनी शहराच्या पेन्शनऐवजी केंद्र सरकारची म्हातारपणाची योजना घेतली. ती पुरली नाही. कितीतरी जण म्हातारपणीही कचऱ्याच्या गाडीवर राहिले. २०१७ साली, संपाला पन्नास वर्षं होत आली तेव्हा, शहरानं हयात असलेल्या चौदा संपवाल्यांना प्रत्येकी ५० हजार डॉलर द्यायचं जाहीर केलं. तेराशेंतले चौदा.

६

आता आपल्या देशातला ताजा कागद. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत एक्कावन्न टक्के कामगार ज्या युनियनमागं असतील तिला बोलणी करणारी युनियन म्हणून मान्यता आहे. १९४७ च्या तारीख नसलेल्या कायद्यानंतर मान्यता हा शब्द देशाच्या कायद्यात परत आला. पण त्याच संहितेत संपाआधी नोटीस देऊन चौदा दिवस थांबायची अट सगळ्याच धंद्यांना लावली. एका हातानं खुर्ची दिली, दुसऱ्या हातानं तिचा पाय कापला. शिवाय एक्कावन्न टक्के कशाचे? मस्टरवरच्या माणसांचे. अर्धी माणसं ठेकेदाराच्या मस्टरवर असतील तर त्यांचं डोकं ह्या मोजणीत कुठं धरायचं?

म्हणून मला वस्तीत, कॉलेजात, जयंतीच्या मंडपात काम करणाऱ्या तुम्हा पोरांना दोन-तीन गोष्टी सांगायच्या आहेत. सफाईवाले, अंगणवाडीवाल्या, हॉस्पिटलातले ठेक्यावरचे वॉर्डबॉय हे आपल्याच घरातले आहेत. त्यांच्याकडं जयंतीची वर्गणी मागायला जाता, तेव्हा एक वहीही घेऊन जा. कोण कुणाच्या मस्टरवर आहे, किती वर्षं आहे, गेटपास कुणाचा, हजेरी कोण घेतो, हे लिहून घ्या. पास, पगाराची चिठ्ठी, बँकेचं पासबुक, साहेबाचा लेखी हुकूम, एक कागद फेकू देऊ नका. काम खरोखर कोण घेतो हे दाखवायला कोर्टात शेवटी असलेच कागद लागतात. मागणीपत्रक लिहायला बसाल तेव्हा पहिली ओळ मान्यतेची ठेवा आणि ती वाचून समजावून सांगा. आणि युनियन कुठल्याही रंगाची असो, तिच्यात आपला माणूस फक्त झेंडा धरायला आहे की टेबलाशी बसायलाही, हे आधी बघा.

१९७२ साली मुंबईत आपल्या माणसांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरनं दलित पँथर हे नाव घेतलं. त्याआधी १९४६ साली बाबासाहेबांनी तिथल्या काळ्यांचे विद्वान पुढारी डू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या युनोकडच्या अर्जाची चौकशी केली होती, कारण अस्पृश्यांनाही तिथं जावं लागेल असं त्यांना वाटत होतं. म्हंजे हे नातं आजचं नाही. आपण त्यांच्याकडून पँथरची झेप घेतली, कविता घेतल्या. मेम्फिसच्या तेराशे माणसांची ती कोरडी, कचेरीतली, वर्गणीच्या वहीची चिकाटी घ्यायची राहिली आहे. ती घेऊ या.

जयभीम.